किराणा दुकानाची मांडणी : आधी पाणी, मग माणूस, मग माल

गाळा ताब्यात आला की बहुतेक जण पहिला फोन रॅकवाल्याला लावतात. तो येतो, भिंती मोजतो, बसतील तेवढे रॅक सुचवतो आणि आगाऊ रक्कम घेऊन जातो. जूनमध्ये कळतं की डावीकडच्या भिंतीला ओल आहे, उंबऱ्यावरून पाणी आत येतंय आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागतंय. तोवर रॅक बोल्टांनी घट्ट बसलेले असतात आणि त्यांवर माल चढलेला असतो.

कोकणात हा क्रम उलटा धरायला हवा. पाणी कुठून येणार हे आधी, माणूस कुठून चालणार हे त्यानंतर, आणि माल कुठे बसणार हे सगळ्यात शेवटी. समजायला सोपं जावं म्हणून एक गाळा डोळ्यांसमोर ठेवू : १२ फूट रुंद, ३० फूट खोल, पुढे शटर, मागे छोटं दार. किराणा, थोडं स्टेशनरी-प्लास्टिक सामान आणि पर्यटकांसाठी कोकणमेवा विकायचा आहे.

पाण्याची वाट

नैर्ऋत्य मोसमी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. दुकानाचं तोंड पश्चिमेला किंवा दक्षिणेला असेल तर पावसाची झड थेट आत शिरते. पुढची शेड निदान ४ फूट बाहेर हवी. शिवाय तिच्या ज्या अंगाने वारा येतो, त्या बाजूला खाली सोडता येईल असा जाड प्लास्टिकचा पडदा हवा. शेडची पागोळी पायरीवर पडत असेल तर पन्हळ लावून पाणी बाजूला काढा, नाहीतर उडालेल्या शिंतोड्यांनी शटरची खालची पट्टी दोन पावसांत सडते.

मग एक साधी परीक्षा घ्या. बादलीभर पाणी उंबऱ्याच्या आत, साधारण ३ फुटांवर ओता आणि कुठे जातं ते बघा. ते बाहेर यायला हवं. आत पळालं किंवा कोपऱ्यात साचलं, तर लादी बसवतानाच पहिल्या ४ फुटांना बाहेरच्या दिशेने अर्ध्या इंचाचा उतार द्या. एवढा उतार डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र कळतो. लादी चकचकीत नको. ओल्या रबरी चपलेखाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी घसरते आणि दुकानात पडलेला माणूस ही गावभर चालणारी जाहिरात असते. खरखरीत मॅट लादी घ्या. बाहेरच्या पायरीला किंवा उताराला तर झाडूच्या रेघा ओढलेलं सिमेंटच बरं, कारण तिथे शेवाळ धरणारच. वयस्कर गिऱ्हाइकांसाठी उतार करणार असाल तर १ इंच उंचीला १२ इंच लांबी धरा. ६ इंचांच्या पायरीला ६ फुटांचा उतार होतो.

उंबऱ्याच्या आतली ४ ते ५ फूट जागा रिकामी सोडा. अनेकांना ही जागा फुकट गेल्यासारखी वाटते. पण पावसात आलेला माणूस इथे छत्री मिटतो, चष्मा पुसतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो. तेवढ्या वेळात समोर मांडलेलं त्याला दिसतच नाही. तिथे चिप्सच्या पाकिटांचा स्टँड ठेवलात तर माल विकला जाण्याआधी भिजेल. या जागेत खाली ट्रे असलेला छत्र्यांचा स्टँड, रेनकोटसाठी दोन-तीन आकडे आणि काथ्याची पायपुसणी ठेवा. पायपुसणी दोन घ्या, म्हणजे एक वाळत राहते.

बाजारपेठ नदीकाठची असेल तर हिशेब वेगळा. खाडीतून पूर्वी गलबतं आत येत, म्हणून चिपळूण, महाड, राजापूर अशा पेठा पाण्याजवळ वसल्या, आणि ते पाणी अधूनमधून पेठेत येतं. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत वाचवण्यासारखं फार थोडं उरलं होतं. अशा गावात शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारून पूर्वीच्या पुरांच्या खुणा भिंतीवर रंगाने काढून घ्या. नेहमीच्या पुराच्या खुणेखाली विजेचा एकही सॉकेट नको. इन्व्हर्टरची बॅटरी, हिशेबाच्या वह्या आणि बिलाचं मशीन पोटमाळ्यावर चढवायची सोय आधीच करून ठेवा. खालच्या फळ्यांवर जून ते सप्टेंबर फक्त धुता येणारा माल ठेवा : बादल्या, घमेली, प्लास्टिकचे डबे. पुराच्या पाण्यात बुडालेला खाण्याचा माल सीलबंद असला तरी विकायचा नसतो, त्यामुळे तेलाचे डबे खाली ठेवून काही वाचत नाही.

चिऱ्याची भिंत

जांभ्या दगडाची भिंत दिसते भक्कम, पण ती सच्छिद्र असते. साधा खिळा किंवा प्लास्टिकची गिट्टी तिच्यात नीट धरत नाही. भरलेली फळी सहा महिन्यांनी गिट्टीसकट बाहेर येते. म्हणून भिंतीवर टांगलेल्या फळ्यांचा नाद सोडा आणि जमिनीवर उभे राहणारे रॅक घ्या. रॅक पुढे कलंडू नये म्हणून वर आधार हवा असेल तर तो काँक्रीटच्या लिंटेलमध्ये (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीत) किंवा कॉलममध्ये घ्या, चिऱ्यात नको.

पावसाच्या अंगाची भिंत ओल ओढतेच. रॅक आणि भिंत यांच्यात २ इंच फट ठेवा. हवा खेळते आणि गिलाव्याचे पोपडे मालावर पडत नाहीत. रॅकचे पाय ६ इंच उंच हवेत. खालून पत्र्याने बंद केलेला रॅक टापटीप दिसतो हे खरं, पण त्या पोकळीत उंदीर बिऱ्हाड करतात आणि तिथपर्यंत झाडू पोचत नाही. कधी कधी उंदरांच्या मागून साप येतो, आणि मग त्या दिवशी दुकान बंद.

किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरही खारा वारा लोखंड खातो. गंज आधी लागतो तो वेल्डिंगच्या जागी, बोल्टच्या भोकांत आणि पायांच्या टोकांना. पावडर कोटिंग केलेले, बोल्टवर जोडायचे रॅक घ्या आणि प्रत्येक पायाखाली प्लास्टिकचा बूट घाला. बोल्टचा रॅक असला की सडलेला एकच पाय बदलता येतो. वेल्डिंगवाला रॅक अख्खा भंगारात जातो.

चालण्याची वाट

आता माप. १२ फूट म्हणजे १४४ इंच. दोन्ही भिंतींना १२ इंच खोलीचे रॅक, मागे २-२ इंच फट, मध्ये २४ इंचांचा दुतर्फा रॅक. बेरीज ५२ इंच. उरले ९२, म्हणजे दोन्ही बाजूंना ४६-४६ इंचांच्या वाटा. पिशवी घेतलेली दोन माणसं एकमेकांना न घासता जाऊ शकतात.

आता तोच हिशेब १५ इंची रॅक घेऊन करा. भिंतींचे ३०, मधला ३०, फटी ४. उरले ८०, वाट ४० इंचांची. एक माणूस खाली वाकून डाळ बघत असेल तर दुसऱ्याला मागून जाता येत नाही. मागून धक्का लागला की बाईमाणूस तिथे थांबत नाही, हातातली वस्तू ठेवून पुढे सरकते. जास्तीच्या तीन इंचांनी मिळतं काय? पाकिटांची आणखी एक रांग, जी कायम मागे राहते आणि जिची मुदत तिथेच संपते. खोल फळी फक्त सगळ्यात खालच्या टप्प्याला, पिठाच्या ५ किलोच्या पिशव्यांसाठी आणि तेलाच्या डब्यांसाठी कामाची.

गाळा १० फुटी असेल तर मधल्या रॅकचा विचारच करू नका. वाटा ३४-३४ इंचांच्या उरतात. तिथे दोन भिंती भराव्यात आणि मध्ये मोकळं ठेवावं, नाहीतर सरळ जुन्या पद्धतीने काउंटरपलीकडून माल द्यावा. अरुंद जागेत ती जुनी पद्धत अजूनही जास्त वेगाने चालते, आणि तिला कमी लेखायचं कारण नाही.

३० फूट खोलीचं वाटप साधारण असं बसतं. पुढचे ८ फूट मोकळी जागा आणि गल्ला. मग ३ फुटी ४ कप्पे जोडून १२ फुटांचा मधला रॅक. त्यामागे वळायला ४ फूट. उरलेले ६ फूट आडोसा घालून कोठार. वळायची जागा ३ फुटांवर आणली तर लोक मागपर्यंत जाऊन दुसऱ्या वाटेने येत नाहीत, आल्या पावली परततात, आणि दुसऱ्या बाजूचा माल न बघितलेलाच राहतो.

हे सगळं कागदावर काढताना १ फुटाला पाव इंच धरा, साध्या वहीच्या पानावर गाळा मावतो. कॉलम, मीटर, स्विचबोर्ड, ओलीचे डाग हे सगळं त्यात दाखवा. मग तेच खडूने लादीवर काढा, रॅकच्या जागी रिकामी खोकी मांडा आणि दोन्ही हातांत भरल्या पिशव्या घेऊन चाला. घरातल्या सगळ्यात जाड्या आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही चालायला लावा. कुठे अडतं ते पाच मिनिटांत कळतं.

मधला रॅक साडेचार फुटांपेक्षा उंच नको. गल्ल्यावर उभ्या माणसाला त्याच्या वरून शेवटची भिंत दिसली पाहिजे. भिंतीचे रॅक ७ फुटांपर्यंत चालतील, पण साडेपाच फुटांच्या वरचा भाग साठ्यासाठी धरा. तिथला माल गिऱ्हाईक स्वतः काढत नाही. जड वस्तू गुडघ्याखाली, रोज खपणाऱ्या आणि चार पैसे जास्त देणाऱ्या वस्तू अडीच ते पाच फुटांत. काचेच्या बाटल्या छातीच्या वर कधीच नकोत.

गल्ला

गल्ल्यामागे उभं राहून दार आणि दोन्ही वाटा एका नजरेत यायला हव्यात. झड ज्या बाजूने आत येते त्या बाजूला गल्ला नको. बिलाचा कागद दमट झाला की प्रिंटर अडकतो. काउंटर ४ फूट लांब, ३ फूट उंच, मागे उभं राहायला अडीच फूट. वजनकाटा पंख्याखाली किंवा दाराच्या वाऱ्यात ठेवला तर आकडे हलत राहतात आणि गिऱ्हाइकाला विनाकारण संशय येतो. आकडे त्याच्या बाजूला दिसलेच पाहिजेत. काट्याची दरवर्षीची पडताळणी आणि अन्न परवान्याचं किंवा नोंदणीचं प्रमाणपत्र याच भिंतीवर, सहज वाचता येईल असं लावा. अन्न नोंदणीचा क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो.

एक गोष्ट आराखड्यात कुणी दाखवत नाही : मोबाईलची रेंज. जाड भिंतींच्या आत अनेक गावांत नेटवर्क दाराशीच थांबतं. क्यूआर कोड लावण्याआधी गाळ्यात फोन घेऊन फिरा आणि जिथे पैसे सरळ जातात त्या जागेजवळ गल्ला आणा. नाहीतर प्रत्येक गिऱ्हाईक पैसे द्यायला रस्त्यावर जाईल आणि मागचे पाच जण ताटकळतील.

रोजचा माणूस आणि पाहुणा

मोठ्या दुकानांचा एक नियम सगळीकडे सांगितला जातो : रोज लागणारा माल सगळ्यात मागे ठेवा, म्हणजे लोक अख्खं दुकान फिरतात. कोकणातल्या गावच्या दुकानात हा नियम वापरू नये. सकाळी सातला दुधाची पिशवी, अंडी, पाव न्यायला आलेल्या शेजाऱ्याला तीस फूट चालवलंत तर तो दोन दिवस चालेल आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या दुकानात जाईल. दूध, पाव, अंडी, विडी-काडीपेटी हे सगळं गल्ल्याच्या हाताच्या अंतरावर ठेवा. तांदूळ, डाळ, तेल, साखर मागे गेलं तरी चालतं, कारण ते महिन्याच्या यादीतून जातं आणि बहुतेक वेळा यादी तुमच्याकडे देऊन माणूस बाजार करून येतो. भरलेल्या याद्यांच्या पिशव्या ठेवायला गल्ल्याशेजारी ३ फुटांचा एक ओटा किंवा फळी राखून ठेवा. ती नसली की पिशव्या वाटेत येतात.

पाहुण्याचं वेगळं. तो यादी घेऊन येत नाही, बघून घेतो. त्याचा कोपरा दारातून दिसेल असा, पण रोजच्या माणसाच्या वाटेत नाही असा हवा : आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबत, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), काजू, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे. नोंदणी असलेल्या उत्पादकाचा माल असेल तर ते चिन्ह दिसेल अशा बाजूने पाकीट मांडा. आगळाच्या बाटल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. मीठ आणि आंबट एकत्र असल्यामुळे एक गळकी बाटली फळीचा रंग आठवड्यात उडवते. काजू आणि आंबापोळी उघड्या टोपलीत शोभून दिसतात, पण पावसाळ्यात एक मऊ पडतो आणि दुसरीवर बुरशी येते. टोपलीत नमुना ठेवा, माल हवाबंद डब्यात.

कुणाच्या शेजारी कोण

वास हा मांडणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. चहा, पीठ आणि तांदूळ आजूबाजूचा वास ओढून घेतात. अगरबत्ती, कापूर, साबण यांच्यापासून ते ६ फूट तरी लांब हवेत. फिनेल आणि कीटकनाशकं खाण्याच्या मालाच्या वरच्या फळीवर कधीच नकोत. गळलं तर खालीच येणार.

सुक्या मासळीचा प्रश्न नाजूक आहे. मे महिन्यात बेगमीसाठी बोंबील, सोडे, जवळा यांना मागणी असते, म्हणून ते ठेवावंसं वाटतं. पण साध्या पिशवीतल्या जवळ्याचा वास दोन दिवसांत रव्यापर्यंत पोचतो, आणि शाकाहारी गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. ठेवायचीच असेल तर बाहेरच्या शेडखाली, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या पेटीत, वेगळ्या वजनकाट्यावर. तेवढं जमत नसेल तर मासळी विकू नका.

कोठारात गोण्या थेट लादीवर टेकवायच्या नाहीत. लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळकुटांवर, जमिनीपासून ४ ते ६ इंच वर आणि भिंतीपासून १ फूट लांब ठेवा. तो एक फूट फुकट नाही, त्यातूनच सोंडे आणि उंदीर वेळेत दिसतात. थप्पी पाचाच्या वर नको. गूळ, मीठ आणि पापड आतल्या कोरड्या भिंतीला, तेही वरच्या अंगाला. ५० किलोची साखरेची गोणी मागच्या दारातून आत येते की पुढून गिऱ्हाइकांमधून, हेही आधी ठरवा. मागचं दार नसेल तर माल उतरवायची वेळ दुकान उघडण्याआधीची हवी.

डीप फ्रीझर दारात ठेवायचा मोह होतो, कारण आइस्क्रीम दिसलं की मुलं थांबतात. दार पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन त्यावर पडतं, मोटर सतत चालते आणि बिल वाढतं. त्याला सावलीत, मागे-बाजूला ६ इंच मोकळे ठेवून बसवा. त्याची गरम हवा ज्या फळीवर जाते तिथे चॉकलेट नको. दिवे वाटेच्या वर हवेत, रॅकच्या वर लावले तर खालच्या फळ्या अंधारात राहतात. या मापाच्या गाळ्याला २० वॅटच्या एलईडी ट्यूब दहाएक लागतात. त्यांतल्या तीन आणि बिलाचं मशीन इन्व्हर्टरवर घ्या.

हलती जागा

कोकणातलं दुकान वर्षभर एका मांडणीवर चालत नाही. म्हणून मधल्या रॅकच्या पुढे, दारातून दिसणारी साधारण ४ बाय ३ फुटांची जागा कायमच्या मांडणीतून बाहेर ठेवा आणि तिथे फक्त घडीचं टेबल वापरा. गल्ल्यासमोरची रांग तिला घासून जाणार नाही, एवढंच बघा.

एप्रिल-मे मध्ये तिथे आंब्याच्या पेट्या येतात. दोन पेट्यांमध्ये हवा जाऊ द्या. पुठ्ठ्याच्या पेट्या एकावर एक फार चढवल्या तर खालची दबते आणि डागी फळ आधी तुमच्याच हातात येतं. केळी शेजारी ठेवू नका, दोन्ही एकमेकांना लवकर पिकवतात. मे संपता संपता ताडपत्री, छत्र्या, प्लास्टिकचा कागद, कांदे, कडधान्यं. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात चाकरमानी उतरले की मोदकाचं पीठ, गूळ, कापूर, फुलवाती, रवा. त्या दिवसांत टेबलही काढून टाका आणि माल थेट भिंतीच्या रॅकवर, गल्ल्याच्या सगळ्यात जवळच्या कप्प्यात आणा, कारण गर्दीला वाट हवी असते, मांडामांड नको. माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीला बांधायच्या फळापानांचं, सामान घेऊन पायरीशी बसणाऱ्या बायकांना हुसकू नका, फक्त उताराची बाजू मोकळी राहील असं बसवा. त्यांच्याकडे आलेली माणसं नारळ आणि गूळ घ्यायला आत येतातच.

पहिले तीन महिने कायमच्या पाट्या लावू नका. फळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून प्रत्येक कप्प्यात माल भरला की तारीख लिहा. महिन्याने ज्या चिठ्ठीवर एकच तारीख आहे, तो माल डोळ्याच्या उंचीवर आणून बघा. पुढच्या महिन्यातही चिठ्ठी तशीच राहिली तर दोष जागेचा नाही, मालाचा आहे. तो संपवा आणि पुन्हा मागवू नका. आणि एखाद्या कप्प्यासमोर लोक थांबतात, हात पुढे करतात, पण काही न घेता जातात असं दिसलं, तर आधी तिथली किमतीची चिठ्ठी बघा. बहुतेक वेळा ती पडलेली असते.